दोन कुंभार

मुंबईहून सुरतेकडे निघालेल्या प्रवाशाने नवसारी मागे टाकली की थोड्या वेळाने रस्त्याच्या कडेस पलसाणा ही पाटी लागते. एका बाजूस उसाचे मळे, दुसऱ्या बाजूस रंगाई-छपाईच्या गिरण्यांची धुराडी, आणि मधून रात्रंदिवस न खळणारा मालमोटारींचा ओघ. थांबून पाहावे असे वरकरणी येथे काही नाही. आम्हांस मात्र वकिलीच्या कामानिमित्त या तालुक्यात वरचेवर जावे लागते, आणि तेथे कानी पडते ती भाषा पुष्कळदा आपल्या ओळखीची असते. ऊसतोडीच्या हंगामात धुळे-नंदुरबारकडील टोळ्या कोयते घेऊन उतरतात. मागांवर आणि रंगगिरण्यांत राबणारी खानदेशी कुटुंबे तर वर्षानुवर्षे भाड्याच्या खोल्यांतून राहत आली आहेत. चहाच्या टपरीवर गुजराती, अहिराणी, ओडिया आणि हिंदी अशा चार भाषा एकाच बाकावर बसलेल्या आढळतात.

चित्रपटांविषयी लिहावयास बसलेल्या माणसाने पलसाण्यापासून आरंभ का करावा, असे वाचकांस वाटेल. त्याची कारणे दोन आहेत. तिसरेही एक आहे. पण ते आमच्या स्वतःसंबंधीचे असल्यामुळे शेवटी सांगू.

पहिले कारण असे की पलसाणा हा १९४९ पर्यंत गायकवाडीचा मुलूख होता, बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतातील एक तालुका. त्याच संस्थानाच्या राजधानीत सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन स्थापन केले. त्याचे पहिले प्रमुख सुरतेचे त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते, आणि कापड रंगविण्याचे शास्त्र हा तेथील एक मुख्य विषय होता. त्याच कलाभवनात त्र्यंबकेश्वरच्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी चित्रकलेचे व छायाचित्रणाचे धडे घेतले. म्हणजे आज पलसाण्याच्या ओढ्यांतून जे लाल-निळे पाणी वाहते ते, आणि आपल्या पडद्यावर जी चित्रे हलतात ती, अशी दोन्ही एका अर्थी एकाच शाळेतून बाहेर पडली आहेत. कोणते पाणी अधिक गढूळ, हा वाद येथे नको.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. या भागातील शेते पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी नांगरली त्या जमातीचे नाव 'दुबळा' असे होते. शब्दाची व्युत्पत्ती विद्वान काहीही लावोत. मराठी कानास आणि गुजराती कानास तो एकच अर्थ सांगतो. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढावयाचे आणि ते फेडण्यासाठी जन्मभर त्याचा नांगर धरावयाचा, बायकोने त्याच्या घरी झाडलोट करावयाची, अशी ही हाळीपद्धती. धनी बहुधा अनाविल ब्राह्मण अथवा पाटीदार. गांधीजींनी या लोकांस 'हळपती', म्हणजे नांगराचे स्वामी, असे नवे नाव दिले. पण गुजरातच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आजही 'दुबळा, तलाविया, हळपती' ही तिन्ही नावे एकाच ओळीत उभी आहेत. ज्यांच्या बाहुबळावर साऱ्या तालुक्याचे धान्य पिकले त्यांस दुबळे म्हणण्याचे धैर्य ज्या समाजास झाले, तो समाज खऱ्याखुऱ्या पांगळ्यास, बहिऱ्यास, आंधळ्यास काय म्हणत असेल, हे सांगावयास नको. त्याचे नाव तो विसरतोच, आणि व्यंग हेच नाव करून टाकतो. आमच्या आजोळच्या कोंकणीत मुक्यास 'मोनो' म्हणत. गावात एक मोनो होता. त्याचे खरे नाव काय, हे आम्ही कधी विचारल्याचे आठवत नाही.

हा नावे ठेवण्याचा प्रश्न अलीकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. २०२३ साली 'आँख मिचोली' नावाचा हिंदी विनोदी चित्रपट निघाला. विस्मरण झालेला बाप, बहिरा मुलगा, बोबडा मुलगा, रातांधळी मुलगी अशा एका कुटुंबाच्या फजितीवर त्याची सारी गंमत रचलेली होती. निपुण मल्होत्रा यांनी त्याविरुद्ध दाद मागितली, आणि ८ जुलै २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड व न्यायमूर्ती पारडीवाला यांनी निकाल दिला. व्यंगास तुच्छ लेखणारा विनोद वेगळा आणि व्यंगाविषयीच्या रूढ समजुती तपासून पाहावयास लावणारा विनोद वेगळा, असा भेद न्यायालयाने केला. अपंग माणसाची पडद्यावर टवाळी करू नये, तसेच त्याला अलौकिक शक्तीचा पुतळाही करू नये. त्याच्या संबंधी जे करावयाचे ते त्याला विचारून करावे, असेही सांगितले. निकाल वाचनीय आहे. पण तो वाचताना आम्हांस वाटले की न्यायालयापुढे एक चित्रपट होता, आणि त्या चित्रपटामागे एक फार जुनी कथनपरंपरा उभी होती, तिला कोणी साक्षीस बोलाविले नव्हते.

ती परंपरा आपल्या देवळांच्या सभामंडपातली आहे. कीर्तन ऐकत मोठे झालेल्या कोणासही तेरच्या गोरोबाकाकांची कथा माहीत असते. चिखल तुडवीत असता भजनात देहभान हरपले आणि स्वतःचे तान्हे मूल पायाखाली गेले. पुढे बायकोने विठ्ठलाची आण घातली, ती आण मोडली असे वाटताच त्यांनी स्वतःचे दोन्ही हात तोडून घेतले. मग पंढरीस नामदेवांचे कीर्तन चालू असता साऱ्यांनी टाळी वाजविण्यास हात वर केले, गोरोबांनी थोटे बाहू उचलले, आणि त्यांस हात फुटले. हरपलेले मूलही रांगत आले.

लहानपणी ही कथा ऐकताना आमच्या एक गोष्ट ध्यानात आली नव्हती, ती पुढे आली. कीर्तनकार त्या प्रसंगाशी येऊन पोहोचला की विठ्ठलनामाचा गजर होतो, आणि मंडपातील यच्चयावत् माणसांचे हात वर जातात. ते परत आलेले हात म्हणजे आपलेच हात होत. चमत्कार घडतो तो श्रोत्यांच्या अंगी. कुंभाराचे गेलेले हात साऱ्या गावाने आपल्या खांद्यावर उगवून घ्यावयाचे, असा त्या क्षणाचा व्यवहार आहे. कीर्तन संपल्यावर घरी जाऊन कितीजण तो पाळीत हा प्रश्न निराळा; पण कथेत तशी सोय होती.

चित्रपट आला आणि ही सोय गेली. फाळक्यांनी ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' दाखविला. राजा डोंबाच्या घरी स्मशानात राबतो, अशी ती कथा. म्हणजे आपल्या चित्रपटाचे पहिले पाऊलच वर्णव्यवस्थेच्या सर्वांत खालच्या पायरीवर पडले. (त्यातली तारामती एका उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांनी वठविली, कारण स्त्रिया मिळेनात.) परंतु डोंबाचे घर ही तेथे राजाच्या सत्त्वपरीक्षेची जागा होती, डोंबाची नव्हे. परीक्षा संपली की राजा सिंहासनावर परत जातो, आणि डोंब कोठे जातो ते कोणी दाखवीत नाही. फाळक्यांस युक्त्या उत्तम येत. देव अंतर्धान पावणे, तुटलेले मस्तक पुन्हा जोडले जाणे, हे सारे त्यांनी पडद्यावर प्रत्यक्ष करून दाखविले आणि लोक थक्क झाले. पण जे डोळ्यांनी दिसले ते हातांनी करण्याची गरज उरत नाही. प्रेक्षक मांडीवर हात ठेवून बसला.

पुढे संतपटांनी जातिभेदाच्या प्रश्नास हात घातला, हे मान्य केले पाहिजे. १९३५ साली प्रभात कंपनीने शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली एकनाथांवर चित्रपट काढला, बालगंधर्वांस नाथांच्या भूमिकेत उभे केले, आणि नाथांस अस्पृश्याच्या घरी जेवावयास नेले. चित्रपटाचे नाव 'महात्मा' होते. सरकारी परीक्षकांस त्यात गांधीजींचा वास आला, म्हणून ते 'धर्मात्मा' असे करावे लागले. त्या काळी ते धाडसच होते. तरीही पडद्यावर जेवणारे नाथच आपल्या ध्यानात राहतात. ज्याने जेवावयास घातले त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी चूल पेटली का, हा प्रश्न संतपटाच्या चौकटीत बसत नाही.

आता १९७४ या सालाकडे येऊ. त्या एकाच वर्षी दोन कुंभार पडद्यावर आले, आणि त्या दोघांची गाठ कोणी घालून दिल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

पहिला कानडीतला. 'भक्त कुंबार' हा हुणसूर कृष्णमूर्तींचा चित्रपट, त्यात गोरोबा झाले होते राजकुमार. आपल्या वाचकांपैकी जे कारवार, उडुपी, मंगळूरकडील आहेत त्यांनी तो पाहिला असेल, आणि शेवटी हात परत येतात तेव्हा डोळेही पुसले असतील. आम्हीही पुसले आहेत. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. राजकुमारांचा अभिनय तसाच आहे.

दुसरा कुंभार 'अंकुर' मधला किष्टय्या. हा तेलंगणातल्या एका खेड्यात राहतो, बहिरा आणि मुका आहे. त्याचे हात शाबूत आहेत, पण त्या हातांस काम नाही. गावात ॲल्युमिनियमची भांडी आली आणि मडकी कोणी घेईना. गोरोबांचे हात भक्तीने गेले, किष्टय्याचे बाजाराने गेले; आणि बाजाराने नेलेले हात कोणत्याही कीर्तनात परत येत नाहीत. तो ताडी पिऊ लागतो. बायको लक्ष्मी जमीनदाराच्या वाड्यावर झाडलोट करते. शहरात शिकलेला जमीनदाराचा मुलगा सूर्या शेती पाहावयास येतो आणि आपण जातपात मानीत नाही असे दाखवून तिच्या हातचा चहा पितो, तिला स्वयंपाक करावयास सांगतो. आजवर वाड्यावर जेवण पोहोचविणाऱ्या गावच्या पुजाऱ्यास ते रुचत नाही. ताडी चोरल्याबद्दल किष्टय्याचे डोके भादरून त्यास गाढवावरून मिरवितात, आणि तो गाव सोडून जातो. मग व्हावयाचे ते होते. लक्ष्मीस दिवस जातात, सूर्याची लग्नाची बायको घरी नांदावयास येते, आणि जातपात न मानणारा सूर्या घाबरून जातो.

शेवट ज्यांनी पाहिला आहे ते विसरणार नाहीत. किष्टय्या थोडे पैसे कमावून परत येतो. बायको गरोदर आहे असे पाहून त्यास आनंद होतो. मूल कोणाचे, हा प्रश्न तो विचारीत नाही. काठी हाती घेऊन तो सूर्याकडे काम मागावयास निघतो. सूर्यास वाटते की हा सूड घ्यावयास येत आहे, आणि तो त्या निरपराध्यास दोराने झोडपून काढतो. लक्ष्मी धावत येऊन किष्टय्यास पाठीशी घालते व सूर्यास शाप देते. सारे पांगल्यावर एक लहान पोर वाड्याच्या खिडकीवर धोंडा मारते, काच फुटते, आणि पडदा लाल होतो.

सूर्यास कान आहेत, जीभ आहे, शहरचे शिक्षण आहे. पण समोरून येणारा माणूस काय म्हणतो हे त्यास कळत नाही. साऱ्या चित्रपटात खरा बहिरा कोण, हे दिग्दर्शक कोठेही शब्दांत सांगत नाही. संतपटाने व्यंग दुरुस्त करून आपणांस मोकळे केले होते. येथे व्यंग दुरुस्त होत नाही, म्हणून धन्याकडे पाहण्यावाचून प्रेक्षकास गत्यंतर राहत नाही.

हा चित्रपट करणारे श्याम बेनेगल कोंकणी बोलणाऱ्या चित्रापूर सारस्वत घराण्यात सिकंदराबादजवळ त्रिमूलघेरीस वाढले. गुरुदत्त पदुकोण हे त्यांच्या नात्यातले. २३ डिसेंबर २०२४ रोजी ते निवर्तले. सूर्याचे काम करणारे अनंत नाग हेही आपल्यापैकीच, कोंकणी घरात वाढलेले, आणि हिंदी पडद्यावर प्रथमच दिसत होते. 'आपल्या माणसाचा सिनेमा' म्हणून आमच्या ओळखीच्या कित्येक घरांतून 'अंकुर'चे कौतुक झालेले आम्ही ऐकले आहे. आपल्या मुलाने जमीनदार किती हुबेहूब वठविला, असे म्हणताना, तो इतका हुबेहूब का वठला, असे मात्र कोणी विचारीत नसे. बेनेगलांनी कॅमेरा किष्टय्याच्या झोपडीत नेला खरा, पण त्याचे तोंड अखेर वाड्याकडे होते, आणि वाड्यातली माणसे आपल्यासारखी बोलत होती. किष्टय्याचे काम करणारे ओडिशाचे साधू मेहेर व लक्ष्मीचे काम करणाऱ्या शबाना आझमी या दोघांसही अभिनयाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. मेहेर २०२४ च्या फेब्रुवारीत वारले. पलसाण्याच्या बाकावरील ओडिया कामगारांस त्यांचे नाव चांगले ठाऊक असते, असा आमचा अनुभव आहे.

आम्ही पडलो वकील. 'अंकुर' पाहिला की मनात येते, किष्टय्याने फिर्याद केली असती तर? कायदा त्याच्या बाजूचा होता. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११९ ने मुक्या साक्षीदारास लिहून अथवा खुणांनी साक्ष देण्याची मुभा दिली होती, आणि अशी साक्ष 'तोंडी पुरावा' समजावी असे स्पष्ट म्हटले होते. हाताने केलेली खूण ही तोंडची भाषा होय, ही इंग्रजी अमदानीतील कलमातली कल्पना आम्हांस कोणत्याही काव्याइतकी सुंदर वाटत आली आहे. पण खूण समजावून सांगणारा दुभाषा न्यायालयाने बोलवावा, आणि त्या साक्षीचे चित्रमुद्रण करावे, ही तरतूद यावयास २०१३ साल उजाडले. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती कलम १२५ मध्ये कायम आहे. एकशे एकेचाळीस वर्षांनी कायद्यालाही कॅमेऱ्याची आठवण झाली.

१९७४ याच वर्षी यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाचा दक्षिण गुजरातेतील अनाविल धनी आणि दुबळे हाळी यांच्या संबंधावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याने गावांची खरी नावे झाकली आहेत; पण पलसाण्याच्या पंचक्रोशीत हिंडलेल्यास त्या वाटा अनोळखी वाटत नाहीत. कर्ज, नांगर, वाड्यावर राबणारी बायको, आणि धन्याचा तो पितृवत् स्वर: लक्ष्मी आणि किष्टय्या यांचे जे तेलंगणात, तेच येथे. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला. त्याच वर्षी गुजरातच्या पाच लाख दूध-उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून बेनेगलांचा 'मंथन' उभा केला आणि तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली. आपली गोष्ट आपल्या पैशाने सांगण्याचा असा प्रयोग त्यापूर्वी झाला नव्हता.

पुढच्या इतिहासाचा आढावा घेण्याचा येथे हेतू नाही. सई परांजपे यांचा 'स्पर्श' (१९८०) अंध मुख्याध्यापकाच्या मानी स्वभावावर उभा आहे. त्याला दया नको असते, आणि ती नाकारण्याच्या हट्टापायी तो प्रेमही दूर लोटतो. म्हणजे अंध माणूस चुकू शकतो, एवढे मोठेपण त्याला एका दिग्दर्शिकेने दिले. दुसऱ्या टोकास वंशाचा प्रश्न. गोऱ्या नटाने चेहरा काळा करून निग्रोचे सोंग आणण्याची अमेरिकेतील रीत आपण नाके मुरडून वाचतो; पण १९७० साली 'अरण्येर दिनरात्रि' मध्ये संथाळ तरुणीच्या कामासाठी सिमी गरेवाल यांच्या अंगास काळा रंग फासला गेला तो सत्यजित रायांच्या हातून, हे सांगताना आपली जीभ अडखळते. आणि खरे म्हणजे किष्टय्या तरी काय, ऐकू येणाऱ्या नटानेच केलेला बहिरा! २०१४ च्या 'यलो' या मराठी चित्रपटात गौरी गाडगीळ या जलतरणपटूने स्वतःची भूमिका स्वतःच केली, तेव्हा कोठे पडद्यावरची खुर्ची ज्याची त्याला मिळू लागली.

दोन मराठी चित्रपटांपाशी मात्र थांबावयास हवे. एक संदीप सावंत यांचा २००४ सालचा 'श्वास'. 'श्यामची आई' नंतर पन्नास वर्षांनी मराठीस सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक त्याने आणले. कोकणातल्या खेड्यातला परशुराम, डोळ्यांत कर्करोग, जीव वाचवावयाचा तर दृष्टी जाणार. आजोबा संमतिपत्रावर सही करू शकतात, पण शस्त्रवैद्य अडून बसतो: मुलाला काय होणार आहे ते आधी त्याला कळले पाहिजे. कायदेशीर संमती पालकाची. पण डोळे कोणाचे? या एका आग्रहात आम्हांस सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा निम्मा भाग वीस वर्षे आधी लिहिलेला दिसतो. येथे हात परत येत नाहीत, डोळेही येत नाहीत. नातू काळा चष्मा लावून होडीतून गावी परततो, एवढेच.

दुसरा नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३). कैकाडी कुटुंब गावातले डुक्कर धरण्यासाठी धावत आहे, इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि डुक्कर निसटत असता सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. शेवटी पोरगा जब्या हिणविणाऱ्यांवर धोंडा भिरकावतो, आणि तो थेट कॅमेऱ्याच्या रोखाने येतो. 'अंकुर' मधल्या पोराचा धोंडा वाड्याच्या काचेवर गेला होता. चाळीस वर्षांत त्याने दिशा बदलली. आता तो तिकीट काढून बसलेल्यावर येतो. दगड मारणाऱ्याची बाजू घेऊन आम्ही युक्तिवाद करीत नाही; त्याचा नेम कोठून कोठे सरकला ती नोंद इतिहासकाराने ठेवावी, इतकेच म्हणणे आहे.

आता ते तिसरे कारण.

काही वर्षांपूर्वी पलसाण्याजवळच्या एका मागाच्या कारखान्यातील कामगाराचे प्रकरण आमच्याकडे आले. मनुष्य शिरपूरकडचा, वय पंचेचाळिशीच्या आतले. अठरा वर्षे मागांच्या खडखडाटात उभे राहून त्याचे कान गेले होते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात हानीचे एक कोष्टक होते: अंगठा गेला तर कमाईची शक्ती शेकडा ३० गेली असे धरावयाचे, दोन्ही हात गेले तर १००, पूर्ण बहिरेपण आले तर १००. (गोरोबाकाकांचा दावा आमच्याकडे असता तर हिशेब सोपा होता.) प्रश्न बहिरेपण पूर्ण किती आणि कारखान्यामुळे किती, हा होता. कारखान्याचे म्हणणे, हा जन्मतःच कमी ऐकतो.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही त्याच्या खोलीवर गेलो. बारा वर्षांची मुलगी मध्ये बसून बापास ओठांनी व बोटांनी आमचे बोलणे सांगत होती. खुंटीवर इस्त्री केलेला पांढरा सदरा टांगलेला होता. उद्यासाठी, असे मुलगी म्हणाली. आम्ही तिला सांगितले, वडिलांना सांग की उद्या हा सदरा घालू नका. कामावरचा जुना घाला. दाढी करू नका. साहेबांनी हाक मारली तर लगेच वळून पाहू नका, थोडे गोंधळल्यासारखे करा. मुलीने ते सारे बापास सांगितले. तो आमच्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि मग त्याने मान हलविली. होय म्हणून की नाही म्हणून, ते आम्हांस कळले नाही, आणि आम्ही विचारलेही नाही.

पन्नास चित्रपटांचे दोष दाखविणारा हा वकील त्या संध्याकाळी स्वतः दिग्दर्शक झाला होता. अशील खरोखर बहिरा होता. त्याला बहिऱ्याचे सोंग शिकविण्याची आम्हांस गरज वाटली, कारण समोरचा अधिकारी बहिरा माणूस ओळखणार तो सिनेमातल्या बहिऱ्यावरून, अशी आमची खात्री होती.

दुसऱ्या दिवशी तो पांढरा सदरा घालून आला. दाढी गुळगुळीत, खिशाला पेन. विरुद्ध पक्षाच्या वकिलांनी एकवार त्याच्याकडे आणि एकवार आमच्याकडे पाहिले. अधिकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न आम्ही देवनागरीत कागदावर लिहून त्याच्यापुढे ठेवला: मागावर तुम्ही कोणते काम करीत होता? तो वाचून अहिराणीत बोलू लागला. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने तो फार मोठ्याने बोलला, आणि सारी खोली वळून पाहू लागली. लोकांची तोंडे पाहून त्यास ते उमगले. वाक्य अर्धेच टाकून तो उठला, आणि समोर जणू माग आहे अशा रीतीने त्याने दोन्ही हात पुढे केले. तुटलेला धागा डाव्या बोटांनी कसा उचलायचा, उजव्या अंगठ्याने गाठ कशी मारायची, आणि माग थांबला की चालू आहे हे चौकटीवर तळवा टेकून कसे ओळखायचे, ते एकामागून एक दाखविले. शेवटचे त्याने दोनदा दाखविले.

टंकलेखकाने अधिकाऱ्यांकडे पाहून विचारले, काय लिहू?

ते क्षणभर थांबले. आम्ही उठून काही सांगावयास हवे होते. आम्ही बसून राहिलो. मग त्यांनी गुजरातीत सांगितले ते त्या प्रकरणाच्या कागदांत आजही आहे: साक्षीदार हातवारे करतो.